मुलांना पाठवत नाही, पण आठ वाजता फोन कर

तीर्थरूप आई-बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार.

आई, गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "मुलांचे हाल होत नाहीत ना गं?" आणि मी "छे, मजेत आहेत" म्हणून फोन ठेवला. ठेवल्यावर पुस्तकाचं एकच पान तीनदा वाचलं, तरी डोक्यात शिरेना. म्हणून आज खरं काय ते, आणि मुलांना वर्षभर तुमच्याकडे ठेवायचं तू म्हणालीस त्याचं उत्तरही, लिहायला बसलेय. फोनवर हे जमत नाही. तिकडून बाबा "काय म्हणतेय ती?" विचारत राहतात आणि इकडून धाकटा फोन ओढतो.

हाल होतात, आई. रोज नाही, पण होतात. परवा मोठी शाळेतून आली आणि तिने मला स्वतःचे पाय दाखवले. दोन्ही पायांत वेगवेगळे मोजे, दिवसभर. धाकट्याला ताप होता त्या रात्री मी त्याच्या कपाळावर हात ठेवून दुसऱ्या दिवशीच्या नर्सिंगच्या प्रॅक्टिकलसाठी इंजेक्शनचे कोन पाठ करत होते. स्नायूत नव्वद, कातडीखाली पंचेचाळीस, कातडीच्या थरात दहा ते पंधरा. त्याला वाटलं अंगाईच आहे. आता झोपताना तो "नव्वद म्हण" म्हणतो. याला हाल म्हणायचं की गंमत, मला ठरवता येत नाही.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे मी ड्युटीवरून घरी येते ती. निघताना नव्हे, येताना. वॉर्डातला युनिफॉर्म अंगावर असतो, धाकटा धावत येतो आणि मी दोन्ही हात वर करून ओरडते, "थांब! हात लावू नकोस!" दिवसभर वाट पाहिलेल्या लेकराला दारात पहिलं काय ऐकायला मिळतं, तर हे. आधी अंघोळ, कपडे वेगळे भिजवायचे, मग जवळ घ्यायचं. तोवर तो रुसून कोपऱ्यात. मोठीला मात्र कारण हवं असतं, म्हणून तिला मी सेमेलवाइस डॉक्टरांची गोष्ट सांगितली. १८४७ साल, व्हिएन्नातलं हॉस्पिटल. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तसेच बाळंतपणं करायला जात आणि बाळंतिणी तापाने मरत. या माणसाने सगळ्यांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. तिने विचारलं, "मग सगळ्यांनी त्यांचं ऐकलं?" म्हटलं, नाही गं, ते जिवंत असेपर्यंत फारसं कुणी ऐकलं नाही. तेव्हापासून घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ती हात धुवायला पिटाळते. साबण-पाण्याने चाळीस ते साठ सेकंद, स्वतः मोजते. तुमचे जावई एकदा वीस सेकंदांत बाहेर आले, तर त्यांना परत आत पाठवलं.

बाबा, तुम्ही मार्कांचं विचारणार हे माहीत आहे. आधीच सांगते, एका इंटर्नलमध्ये नापास झाले. सलाइनचं गणित. एक हजार मिली आठ तासांत द्यायचं, नळीचा सेट वीस थेंबांना एक मिलीचा, तर मिनिटाला थेंब किती? मी लिहिलं १२५. ते तासाला किती मिली त्याचं उत्तर, थेंबांचं नव्हे. वीस हजार थेंब, चारशे ऐंशी मिनिटं, म्हणजे साधारण ४२. एवढं सोपं. तुम्ही लहानपणी म्हणायचात, "आकडा बरोबर आहे, पण प्रश्न वाचला नाहीस." तस्संच. माझ्याबरोबरच्या मुली अठरा-एकोणीस वर्षांच्या, मला ताई म्हणतात, आणि त्या दिवशी ताई पेपर हातात धरून बाथरूममध्ये रडून आली. नंतर घरी मोठीला चमचा दिला आणि ताटलीवर थेंब वाजवायला सांगितले. पंधरा सेकंदांत दहा-अकरा ठोके पडले की सलाइनचा वेग बरोबर. ताटलीला पोचे आले, पण फेरपरीक्षेत सुटले.

अभ्यासाला सलग तास मिळत नाही. पहाटे साडेचारला उठते तेव्हा पाऊण तास, बाकी सगळे तुकडे. कपडे वाळत घालताना, पाळणाघराच्या दारात, धाकटा अंघोळीत खेळत असताना. यात एक दिलासा आहे. एबिंगहाउस नावाच्या माणसाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून लिहून ठेवलंय की एका बैठकीत घोकण्यापेक्षा थोडंथोडं, अंतराने केलेलं पाठांतर टिकतं. त्याला लेकरं सांभाळून पाठ करायचं नव्हतं हा भाग वेगळा.

आणि बाबा, एका मार्काचा हिशोब तुम्हाला द्यायचा राहिलाय. मोठी झाली तेव्हा तिच्या कागदावर ॲपगार स्कोअर, म्हणजे जन्मल्याबरोबर बाळाची तब्येत जोखणारे गुण, लिहिला होता, आधी ७, मग ९. तुम्ही चष्मा लावून वाचलंत आणि म्हणालात, "दहापैकी नऊ? एक मार्क कुठे गेला?" त्या वेळी कुणालाच सांगता आलं नाही. आता सांगते. व्हर्जिनिया ॲपगार या भूल देणाऱ्या डॉक्टरांनी १९५२ साली ही पद्धत मांडली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंची ताकद, प्रतिसाद आणि रंग, प्रत्येकाला दोन गुण, जन्मानंतर एका मिनिटाने आणि पाचव्या मिनिटाला. पहिल्या काही मिनिटांत बाळाचे हातपाय निळसर असतात, त्यामुळे रंगाचा एक गुण बहुतेक बाळांचा जातोच. तुमच्या नातीने काही चुकवलं नव्हतं. वर्गात हे शिकवत होते तेव्हा मी एकटीच हसले आणि ट्यूटरनी उभं केलं.

आता मुद्द्याचं. आई, तू म्हणालीस, "वर्षभर दोघांना आमच्याकडे ठेव, तू निवांत अभ्यास कर." तू मनापासून म्हणालीस. मीही दोन रात्री त्यावर विचार केला, आणि खोटं कशाला बोलू, एका रात्री मनात बॅगाही भरल्या. पण मी मुलांना पाठवणार नाही. कारण सांगते, ते नीट ऐक, मनाला लावून घेऊ नकोस.

बालरुग्णांच्या तासाला आम्हाला लहान मुलांच्या ताटातुटीबद्दल शिकवलं. साधारण आठ महिन्यांच्या सुमारास बाळाला कळायला लागतं की नजरेआड गेलेली वस्तू नाहीशी होत नाही. म्हणजे आई संपली म्हणून ते रडत नाही. ती कुठेतरी आहे आणि आपल्याजवळ नाही, हे कळतं म्हणून रडतं. मी तिसऱ्या बाकावर बसून हे लिहून घेत होते आणि त्याच सकाळी धाकट्याची बोटं माझ्या ओढणीतून एकेक करून सोडवून आले होते. पुढे जेम्स रॉबर्टसन या ब्रिटनमधल्या अभ्यासकांबद्दल सांगितलं. त्या काळी हॉस्पिटलात ठेवलेल्या मुलांना आईवडिलांना फार थोडा वेळ भेटू देत. मूल पहिले काही दिवस आकांत करी, मग गप्प होई, आणि गप्प झालं की वॉर्डातले सगळे म्हणत, "रुळलं." रॉबर्टसन यांनी मुलांजवळ बसून पाहिलं. त्यांना दिसलं की ते रुळणं नव्हतं. आधी निषेध, मग निराशा, आणि शेवटी मूल आईपासून मनानेच तुटतं, ती आली तरी तिच्याकडे बघत नाही. १९५२ साली त्यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचे हॉस्पिटलातले दिवस चित्रित करून डॉक्टरांना दाखवले, तेव्हा बऱ्याच जणांना ते पटलं नाही. धाकटाही दोनच वर्षांचा आहे.

त्या आठवड्यात तो सकाळी रडायचा अचानक थांबला. पाळणाघरात सोडलं, वळून बघितलंही नाही. पाळणाघरातल्या मावशी म्हणाल्या, "रुळला बघा." आई, माझे हातपाय गार पडले. तास संपल्यावर ट्यूटरना गाठलं. त्या म्हणाल्या, "ती मुलं दिवसचे दिवस ओळखीच्या माणसावाचून होती. तुझा रोज घरी येतो, बाप जवळ आहे. संध्याकाळी तू आल्यावर तो काय करतो ते बघ." संध्याकाळी त्याने मला बूट फेकून मारला. मग मांडीवर चढून बसला आणि तासभर उतरला नाही. एवढा आनंद मला फेरपरीक्षेच्या निकालानेही झाला नव्हता.

एक चूक मात्र सुधारली. आधी मी तो खेळात रमला की मागच्या दाराने हळूच सटकायचे. सगळ्यांनी तेच सांगितलं होतं, "दिसलीस तर रडेल." आता सांगून जाते. "आई कामाला चालली, जेवणं झाली की येणार." चार दिवस जास्त रडला. मग मी घरात असताना दर पाच मिनिटांनी मला शोधत फिरायचं त्याने बंद केलं.

म्हणून त्यांना पाठवत नाही. तुमच्याकडे त्यांचे लाड होतील यात शंका नाही. पण बाबांचे गुडघे आणि तुझं बीपी घेऊन तुम्ही दोन वर्षांच्या पोरामागे धावायचं आणि त्याने मला महिन्यातून एकदा बघायचं, हे मला कोणत्याच बाजूने पटत नाही.

यात अजून एक गोष्ट आहे. ती मी तुला कधीच सांगितलेली नाही.

आजी अंथरुणाला खिळली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. तू दर दोन तासांचा गजर लावायचीस आणि रात्रभर उठून तिला कुशीवर वळवायचीस. टाचांखाली उशी सरकवायचीस. कंबरेखाली लाल दिसलं की बोटाने दाबून बघायचीस. गेल्या महिन्यात बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, शिकवताना ट्यूटरनी विचारलं, "लाली दाबून का बघायची?" मी पुस्तक न उघडता उत्तर दिलं. दाबल्यावर पांढरी पडली तर रक्त फिरतंय, तशीच लाल राहिली तर जखमेची सुरुवात. नेमकं कशासाठी दाबतेस हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. मी फक्त दारात उभी राहून तुझा चेहरा बघायचे, कधी तुझा श्वास सुटायचा आणि कधी तू ओठ आवळायचीस.

तर तेव्हा एका रात्री मी ते घड्याळ लपवलं होतं. माझ्या शाळेच्या कार्यक्रमाला तू येऊ शकली नव्हतीस आणि मला तुझा आणि आजीचा दोघींचाही राग आला होता. घड्याळ मी कपड्यांच्या गाठोड्यात खुपसलं. वाटलं, एक रात्र तरी तू माझ्या शेजारी झोपशील. तू वेळेवर उठलीस. गजराशिवाय. सकाळी घड्याळ जागेवर होतं आणि तू मला एक शब्द विचारला नाहीस. माझीच चूक आहे हे तुला कळलं होतं का, हे मला आजही माहीत नाही.

तू विचारलंस ना, हाल होतात का? माझे झाले होते. खोटं नाही सांगत. पण मला त्या वर्षी मामाकडे धाडलं असतं, तर तुझा तो दारातून दिसणारा चेहराही मला मिळाला नसता, आणि आज तिसऱ्या बाकावरून उत्तर देता आलं नसतं. मोठी माझ्यावर काय काय धरून ठेवणार आहे कोण जाणे. मोजे तर नक्कीच.

बाबांना एक काम. तुम्ही आईच्या बीपीचे आकडे पाठवता, त्यांवर माझा विश्वास नाही. रागावू नका. जिना चढून आली की लगेच पट्टा बांधता, आणि ती शेजारच्यांची गोष्ट सांगत असते तेव्हा मशीन चालू असतं, हे मी व्हिडिओवर पाहिलंय. आधी लघवीला जाऊन येऊ दे. मग पाच मिनिटं शांत बसवा. पाठीला टेकू, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. पट्टा उघड्या दंडावर, बाहीवरून नको, आणि हात हृदयाच्या पातळीवर टेबलावर ठेवा. बोलायचं अजिबात नाही, दोघांनीही. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. तुम्ही हिशोब चोख ठेवता, हाही ठेवाल.

आणि आई, मदत मला हवीच आहे, फक्त वेगळी. पुढच्या महिन्यापासून माझी संध्याकाळची पोस्टिंग आहे, मंगळवार आणि शुक्रवार मी मुलं झोपल्यावरच घरी पोचेन. त्या दोन दिवशी बरोबर आठ वाजता फोन कर आणि गोष्ट सांग. मोठी तुला मध्येमध्ये अडवेल, शेवट बदलायला लावेल. धाकटा फोन कानाला लावून नुसता मान हलवतो, तोंडातून शब्द काढत नाही. तुला वाटेल तिकडे कुणीच नाही. तू बोलत राहा.

तुमची,
लेक