मुक्ताचा करारनामा आणि आपला एल्विस

सातारा,
रविवार

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

इतके महिने माझे पत्र नाही याचा तुला राग आला असणार आणि तो रास्तच आहे. पण आमच्याकडे जे घडते आहे ते तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही, तेव्हा रागासकट हे पत्र वाच. माझी प्रकृती ठीक, साखर आटोक्यात, गुडघ्याचे तेच.

मीनूच्या मुक्ताला एका गृहस्थांनी करार देऊ केला आहे. तिची गाणी लोक मोबाईलवर ऐकतात हे तुला ठाऊक आहे. करार दहा वर्षांचा. या काळात ती जे जे गाईल त्याचे सर्व हक्क त्यांच्याकडे राहतील, मिळकतीत निम्मा वाटा त्यांचा असेल, आणि कार्यक्रम कुठे करायचा व कुठे नाही हे तेच ठरवतील. पहिल्या भेटीत मीनू त्यांच्याशी जेवढ्यास तेवढे बोलली. दुसऱ्या खेपेस ते एका वयोवृद्ध गायिकेला सोबत घेऊन आले. मीनू लहानपणापासून त्यांची भजने ऐकत आली आहे. त्या बाईंनी मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवून "पोरगी सोन्यासारखी आहे, हे तिचे भले करतील" असे म्हटले मात्र, मीनूचे डोळे भरून आले. निघताना त्या गृहस्थांनी कागद तर ठेवलेच, शिवाय आपले पेनही पोह्यांच्या बशीशेजारी ठेवून दिले, जणू आता फक्त ते उचलायचेच काय ते बाकी आहे. मी तिथेच बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे अमेरिकन गायक एल्विस प्रेस्लीच्या गोष्टीतला हँक स्नो उभा राहिला. आता सांग, हे मी या घरात कोणाला समजावू?

तुला सगळे पाठ आहे, तरी लिहितो, म्हणजे माझाही विचार एका जागी येईल. १९५५ साली एल्विस अवघा वीस वर्षांचा होता, कायद्याने अज्ञान, म्हणून करारावर वडिलांची सही लागत होती. आणि आई ग्लॅडिसचे मन वळवल्याशिवाय त्या घरात पान हलत नव्हते. तिला एल्विसचा व्यवस्थापक होऊ पाहणारा कर्नल पार्कर पहिल्यापासून पसंत नव्हता. पार्करने तिच्याशी हुज्जत घातली नाही, त्याने हँक स्नोला पुढे केले. स्नो हा कंट्री संगीतातला नावाजलेला गायक, ग्लॅडिसला त्याच्याविषयी आदर, आणि तो पार्करचा धंद्यातला भागीदार. त्याने शब्द टाकला आणि १५ ऑगस्ट १९५५ रोजी सही झाली. नोव्हेंबरात आरसीए या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने सन रेकॉर्ड्स या त्याच्या आधीच्या कंपनीकडून एल्विसचा करार ३५ हजार डॉलरला घेतला, जी त्या काळी नवख्या गायकासाठी डोळे फिरवणारी रक्कम होती. पुढे स्नोने आपला वाटा विचारला तेव्हा त्याच्या हाती काहीही लागले नाही. ज्याच्या शब्दावर आईने विश्वास टाकला, त्यालाच पार्करने सर्वांत आधी बाजूला केले.

मीनूला बोल लावायला माझे मन धजत नाही, कारण ग्लॅडिसलाही मी कधी बोल लावलेला नाही. टुपेलोतले ते दोन खोल्यांचे घर, ८ जानेवारी १९३५ चा तो दिवस, एल्विसच्या आधी अर्धा-पाऊण तास जन्मलेला आणि जन्मतःच मेलेला जुळा भाऊ जेसी, हे सगळे त्या बाईने सोसले होते. एल्विस तीन वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा त्याच्या वडिलांनी, व्हर्ननने, एका चेकवरचा आकडा वाढवला. डुक्कर विकून आलेला काही डॉलरचा तो चेक, त्यासाठी तीन वर्षांची शिक्षा झाली आणि सुमारे आठ महिने त्याने पार्चमनच्या तुरुंगात काढले. तेवढ्यात ते घरही हातचे गेले. ज्या घराने असे दिवस पाहिले त्या घरात पैसे घेऊन येणारा पहिला माणूस देवासारखा वाटतो आणि त्याला जन्मभर "नको" म्हणवत नाही. माझ्या मते एल्विसच्या सगळ्या आयुष्याची किल्ली इथे आहे. गोळ्या, पांढरे पोशाख, वाढलेले वजन ही सगळी नंतरची गोष्ट. आपल्या मीनूनेही कारखाना बंद पडल्यानंतरची वर्षे कशी काढली ते तू पाहिले आहेस. किराणा दुकानदाराच्या वहीतले तिचे पान तूच एकदा कोणाला न सांगता मिटवलेस.

इथे तू मान हलवून म्हणशील, "अरे, ज्याने दुसऱ्यांची गाणी उचलली त्याच्यासाठी काय गहिवरतोस?" यशवंताच्या गच्चीवरचे ते भांडण मी विसरलेलो नाही. तू 'कौन है जो सपनों में आया' गुणगुणत होतास, ती चाल एल्विसच्या 'मार्गेरिता'वरून घेतली आहे असे मी म्हटले, आणि तू उसळून म्हणालास की चोराच्या घरी चोरी झाली तर त्यात कसला अन्याय! यशवंता इतका हसला की पाण्याचा तांब्या खाली गल्लीत गेला. तुझे म्हणणे मला आजही अर्धेच पटते. ५ जुलै १९५४ च्या रात्री मेम्फिसच्या स्टुडिओत विश्रांतीच्या वेळी एल्विस 'दॅट्स ऑल राइट' गाऊ लागला, ते गाणे मुळात आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाचे होते, आणि हे एल्विसने कधीच लपवले नाही. १९५६ मध्ये वार्ताहरांपुढे त्याने क्रूडपचे नाव घेऊन आपले ऋण सांगितले. क्रूडपला लुबाडले ते कागदांनी. त्याच्या व्यवस्थापकाने गाण्यांचे हक्क स्वतःकडे ठेवले होते, म्हणून गाणे जगभर गाजत असताना तो मजुरी करत राहिला आणि १९७४ मध्ये निर्धन मेला. सुधाकर, हे मुक्ताच्या कराराचेच कलम आहे. गच्चीवर आपण दोघे गायकावरून भांडत बसलो, पण मूळ गाणाऱ्याचे हक्क ज्यात गेले तो कागद मात्र आपल्यापैकी कोणी काढला नाही.

(आणि त्या काळी तू जो खोबरेल थापून एल्विसचा कोंबडा काढायचास, त्याविषयी एक सांगायचे राहून गेले होते: त्याचे केस मुळात भुरे होते, तो ते काळे करत असे. आता तुम्ही दोघेही कलपवाले.)

पार्कर कोण होता हे मी काल रात्री मुक्ताला सांगितले. 'कर्नल' ही लुइझियानाच्या गव्हर्नरांनी दिलेली मानद पदवी, सैन्यातला हुद्दा नव्हे. त्याचे खरे नाव आंद्रेयास कॉर्नेलिस फान कॉइक, जन्म हॉलंडमधल्या ब्रेडा गावचा, १९०९ चा. तरुणपणी तो बेकायदा अमेरिकेत शिरला, जत्रांतल्या खेळांबरोबर हिंडला आणि आपण अमेरिकीच आहोत असे आयुष्यभर सांगत राहिला. हे जगजाहीर झाले ते एल्विस गेल्यानंतर. परदेशातून दौऱ्यांसाठी मागणी येत होती आणि पार्कर प्रत्येक वेळी काहीतरी निमित्त सांगून ती परतवत होता. स्वतःजवळ पासपोर्ट नाही, काढायला गेलो तर बिंग फुटेल, ही त्याची धास्ती त्यामागे होती असे बहुतेक चरित्रकार मानतात. परिणाम असा, की ज्याचा आवाज साऱ्या पृथ्वीवर ऐकला जात होता, त्याने अमेरिकेबाहेर कार्यक्रम केले ते फक्त कॅनडात, तेही १९५७ या एकाच वर्षी: टोरोंटो, ओटावा आणि व्हँकुव्हर. (तुझा निखिल टोरोंटोत रुळला का? थंडी सोसते ना?) इंग्लंडच्या रसिकांनी तर त्याला मंचावर पाहिलेच नाही, १९६० मध्ये जर्मनीतून सैन्यातली नोकरी संपवून परतताना स्कॉटलंडच्या प्रेस्टविक विमानतळावर विमान थांबले, तेवढाच काय तो त्याचा ब्रिटनच्या भूमीशी संबंध.

"पण काका, पैसे तर मिळाले ना त्याला?" मुक्ताने विचारले. प्रश्न चुकीचा नव्हता. तेव्हा मी तिला १९६७ चा करार सांगितला, ज्याने पार्करचा वाटा अनेक व्यवहारांत निम्म्यावर गेला. १९७३ मध्ये पार्करने आरसीएशी आणखी एक व्यवहार केला: एल्विसच्या तोवरच्या सगळ्या ध्वनिमुद्रणांवरची पुढची रॉयल्टी ५४ लाख डॉलरना एकरकमी देऊन टाकली. त्यातले निम्मे पार्करने घेतले. म्हणजे ज्या गाण्यांनी त्याला एल्विस केले, त्यांतून त्याच्या मुलीला पुढे काही मिळावे ही सोयच उरली नाही. पार्कर लास व्हेगासमध्ये जुगारात अफाट पैसा हरत होता, आणि ज्या हॉटेलात हरत होता त्याच हॉटेलात एल्विसला वर्षानुवर्षे दिवसाला दोन-दोन खेळ करायला लावत होता. एल्विस १६ ऑगस्ट १९७७ रोजी बेचाळिसाव्या वर्षी गेला, तेव्हा त्याची मुलगी लिसा मेरी नऊ वर्षांची होती. तिच्या हितासाठी न्यायालयाने नेमलेल्या ब्लँचर्ड ट्युअल या वकिलांनी कागद तपासून पार्करचा निम्मा वाटा अवाजवी ठरवला, पण तोवर ज्याच्यासाठी हे सांगायचे तो उरला नव्हता.

एक गोष्ट तिला सांगितली नाही, कारण सांगताना माझाच आवाज ठीक राहिला नसता. १९६४ मध्ये केस कापायला आलेल्या लॅरी गेलर नावाच्या तरुणाने एल्विसला आध्यात्मिक पुस्तकांचे वेड लावले. परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र तो पुन्हा पुन्हा वाचत असे, कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या आश्रमात जात असे, त्यांच्या संस्थेच्या प्रमुख दया माताजींजवळ बसून बोलत असे. जुळ्या भावाऐवजी आपणच का जगलो, या सगळ्या टाळ्या आपल्याच वाट्याला का आल्या, हे त्याला खरोखर विचारायचे होते. पार्करला ही पुस्तके डोळ्यांपुढे नको होती. १९६७ मध्ये गेलरला दूर करण्यात आले आणि पुढे एल्विसने त्यांतली बरीच पुस्तके घरामागे जाळून टाकली. निम्मी मिळकत गेली याचे मला वाईट वाटते, पण त्या पुस्तकांचे जास्त.

मात्र जिथे त्याने हट्ट धरला तिथे तो केवढा उंच दिसतो, हे मुक्ताला मुद्दाम ऐकवले. १९६८ च्या टीव्ही कार्यक्रमात त्याने नाताळची गाणी गावीत असे पार्करचे म्हणणे होते. दिग्दर्शक स्टीव्ह बाइंडर आडवा पडला, एल्विस त्याच्या बाजूने उभा राहिला, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर लिहिलेले 'इफ आय कॅन ड्रीम' शेवटी गायले गेले. त्या पांढऱ्या पोशाखातला, डोळे मिटून शब्दाशब्दावर जोर देणारा एल्विस मी तिला दाखवला. तिन्ही ग्रॅमी पुरस्कार त्याला भक्तिसंगीतासाठी मिळाले, म्हणजे आईच्या मांडीवर चर्चमध्ये ऐकलेल्या गाण्यांसाठी, हेही सांगितले. दोन्ही वेळा ती गप्प बसून ऐकत होती.

पण तिला सर्वांत भिडली ती अमेरिकन गायिका डॉली पार्टन. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे डॉलीने स्वतः लिहिलेले गाणे एल्विसला गायचे होते. तिच्या आनंदाला पारावार नव्हता. ध्वनिमुद्रणाच्या तोंडावर पार्करने तिला कळवले की एल्विस जे गातो त्याचे निम्मे प्रकाशन हक्क आम्ही घेतो, तुझेही घेऊ. ती "नाही" म्हणाली आणि रात्रभर रडली. एल्विसने ते गाणे ध्वनिमुद्रित केले नाही. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने ते गायले आणि हक्क जपलेल्या डॉलीला त्यातून किती मिळाले हे साऱ्या जगाला ठाऊक आहे. हे ऐकून मुक्ताने विचारले, "एल्विस स्वतः का नाही म्हणाला पार्करला, की हिचे हक्क राहू देत?" मला उत्तर देता आले नाही. तुझ्याजवळ असेल तर लिही.

आता तुझ्याकडे मागणे. आयुष्यभर तू करारनामे वाचलेस. हा एक वाच. सोबत सगळ्या पानांच्या छायाप्रती जोडल्या आहेत. सातव्या पानावरचे बारीक अक्षरांतले कलम पाहा, ज्यात मुदत संपल्यावर करार आपोआप पुढे चालू राहील असे लिहिले आहे, आणि मोडायचा झाल्यास मुक्ताने किती रक्कम भरायची तेही. मीनू माझे ऐकणार नाही, कारण मी नेहमी भीतीच घालतो असे तिचे मत आहे. तुझा शब्द ती मोडत नाही. मुक्ताने गाऊ नये असे मी म्हणत नाही, तसे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी भांडेन. वाटा ठरलेला आणि माफक असावा, मुदत दोन-तीन वर्षांची असावी, आणि गाणी तिची तिच्याकडे राहावीत, एवढेच मला हवे आहे. ते गृहस्थ पुढच्या शनिवारी कागद न्यायला येणार आहेत, म्हणून पत्र मिळताच आधी मीनूला फोन कर आणि मग मला. जमल्यास स्वतःच ये, महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालास तर मी तुला स्टेशनवर घ्यायला येतो.

वहिनींचे डोळ्यांचे ऑपरेशन झाले का? घराच्या वाटणीचे तुझे जे चालले होते ते मिटले असेल अशी आशा आहे. निखिलला आशीर्वाद, वहिनींना नमस्कार.

तुझाच,
बाळू

ता. क. त्या गृहस्थांचे पेन मी माझ्या खिशात घालून आणले आहे. शनिवारी परत देईन.