'कोल्हापूर'ची पाटी: काकांना जाहीर आभारपत्र

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही करून दिलेली 'कोल्हापूर' या नावाची पाटी माझ्या इंजिनाच्या मॉडेलवर बसली. परवा रात्री उजवी बाजू, काल डावी. सुकायला ठेवली होती ती आज सकाळी उजेडात नीट पाहिली आणि पहिला विचार तुमचा आला. फोन करणारच होतो, पण फोनवर तुम्ही "बरं, झालं ना, छान" म्हणता आणि विषय बदलता. आभार मानू देत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. वाफेच्या इंजिनांची मॉडेलं करणारी जी थोडी मराठी मंडळी आहेत, त्यांनाही कळू दे की बोटाच्या पेरापेक्षा जराशाच मोठ्या पितळी पट्टीमागे एक माणूस किती जीव ओततो.

ज्यांना हे इंजिन ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ब्रिटनच्या लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेवर विल्यम स्टॅनियर यांनी रचलेली 'जुबिली' नावाची इंजिनं होती. तीन सिलिंडरची, ४-६-० चाकरचनेची (पुढे चार लहान चाकं, मधे सहा मोठी, मागे एकही नाही), एकूण १९१. त्यातल्या अनेकांना साम्राज्यातल्या प्रदेशांची नावं दिली होती आणि त्यात आपल्या संस्थानांची एक रांगच लागली होती. ५५८७ बडोदा, ५५८९ ग्वाल्हेर, ५५९२ इंदूर, ५५९३ कोल्हापूर. गायकवाड, शिंदे, होळकर आणि छत्रपती, चौघांच्या राजधान्या इंग्लंडच्या रुळांवर धावत होत्या! नावं देणाऱ्यांच्या मनात साम्राज्याचा तोरा होता हे उघड आहे, आणि ते विसरावं असं मला वाटत नाही. तरीही चाकाच्या आच्छादनावर, ज्याला स्प्लॅशर म्हणतात त्यावर, पितळी अक्षरांत 'कोल्हापूर' वाचलं की छाती भरून येते. चौघांतलं एकच इंजिन आज शिल्लक आहे आणि ते हेच. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने १९३४ मध्ये बांधलेलं, १९६७ मध्ये लीड्सच्या होलबेक शेडमधून (शेड म्हणजे इंजिनाचं ठाणं) निवृत्त झालेलं आणि भंगारात न जाता बर्मिंगहॅममधल्या टाइस्लीला पोचलेलं.

काका, प्रदर्शनात तुमच्या टेबलासमोर मी पहिल्यांदा उभा राहिलो ते आठवतं? माझ्या हातात दुसऱ्याच जुबिलीचं नाव छापलेलं तयार मॉडेल होतं, ओओ मापाचं (खऱ्याच्या साधारण ७६ पट लहान), आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने मागणी सांगितली: नाव कोल्हापूर, नंबर ४५५९३, शेडचा कोड २०ए. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात, मॉडेल हातात घेतलंत आणि मराठीत विचारलंत, "कुठलं साल?" मला आधी मराठी ऐकू आल्याचाच धक्का बसला. सालाचा विचार मी केलाच नव्हता.

तुम्ही तिथेच, गर्दीत, मला बसवून समजावलंत. नंबर बरोबर होता. १९४८ मध्ये सगळ्या कंपन्या मिळून ब्रिटिश रेल्वे झाली तेव्हा या कंपनीच्या बहुतेक इंजिनांच्या नंबरात ४०,००० मिळवले, म्हणून ५५९३ चं ४५५९३ झालं. (ग्रेट वेस्टर्नच्या इंजिनांचे नंबर मात्र जसेच्या तसे राहिले, कारण ते ओतीव पितळी पाट्यांवर होते. पाट्यांमुळे नंबर टिकले, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा तुमचा चेहरा उजळला होता.) पण माझ्या मॉडेलच्या कॅबवर, म्हणजे चालकाच्या खोलीवर, तिरका पिवळा पट्टा होता. तो पट्टा सप्टेंबर १९६४ पासूनचा, क्रू नावाच्या गावातल्या स्टेशनच्या दक्षिणेला विजेच्या तारांखाली जायला बंदी असलेल्या इंजिनांवरचा. आणि होलबेकची २०ए ही ओळख १९५७ मध्येच संपून ५५ए झाली होती. "एकाच इंजिनावर ही दोन्ही एकत्र दिसणार कशी?" असं तुम्ही विचारलंत. आवाजात जराही टोचणी नव्हती. माझ्याबरोबरीने कोडं सोडवायला बसल्यासारखे तुम्ही विचारत होता.

मग तुम्ही जे सांगितलंत ते पाट्या करणारा माणूस सहसा सांगणार नाही. वाफेच्या शेवटच्या वर्षांत पुष्कळ इंजिनांच्या नावाच्या पाट्या उतरवून घेतल्या होत्या. पिवळ्या पट्ट्याचा काळ ठेवायचा तर कदाचित पाटीच लागणार नाही. "आधी पाटी दिसतेय असा फोटो शोध. फोटो ठरला की साल ठरतं, साल ठरलं की बाकीचं ठरतं. तोवर मी काही करून देत नाही." असं म्हणून मॉडेल परत माझ्या हातात दिलंत.

त्या दिवशी रिकाम्या हाताने निघताना मी थोडा हिरमुसलो होतो, हे आज कबूल करतो. पण त्यानंतरचे फोटो शोधण्याचे आठवडे या सगळ्या कामातले सर्वांत आनंदाचे ठरले. फोटो मिळाला. त्यात नाव स्वच्छ वाचता येतं आणि कॅबवर पट्टा नाही. मी पट्टा पुसून काढला, छापील नाव आणि जुना नंबरही काढला. शेडची पाटी मात्र फोटोत वाचता येत नव्हती. तुम्ही त्या वर्षीच्या नोंदी चाळून इंजिन कुठल्या शेडचं होतं ते काढलंत आणि मी न मागता ती पाटीही सोबत पाठवलीत. अडीच-तीन मिलिमीटरची लंबगोल पाटी! तिच्यासाठी तुम्ही एक संध्याकाळ घालवलीत.

कागदाच्या साच्याबद्दलही लिहायलाच हवं. तुम्ही फोनवर म्हणालात, "स्प्लॅशरवर जाड कागद धर, कडेने पेन्सिल फिरव, तो कागद मला पाठव." मला वाटलं, खऱ्या पाटीची वक्रता माहीत आहे, ती ७६ ने भागली की काम झालं. पण मॉडेलच्या चाकांची कड प्रमाणापेक्षा खोल असते, तिला जागा द्यायला स्प्लॅशर थोडा मोठा करतात आणि हिशेबाने काढलेली कमान त्यावर बसत नाही. टोकं टेकतात, मधे फट दिसते. माझा कागद समोर ठेवून तुम्ही कमान नव्याने आखलीत आणि आठही अक्षरं त्या कमानीवर पुन्हा फिरवून बसवलीत. ओओ मापात खऱ्या पाटीवरचा एक इंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर. इतक्या लहान जागेत कुणाला काय कळणार आहे, असं म्हणून सोडून देणं किती सोपं होतं.

तुम्ही मला एचिंग, म्हणजे रसायनाने धातू खाऊन नक्षी काढणं, कसं होतं ते दाखवलंत, तेही इथे सांगू दे, कारण मी वर्षानुवर्षं या पाट्या बघत आलो तरी त्या ठशाने उठवतात असंच समजत होतो. पातळ पितळी पत्र्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाला प्रतिसाद देणारा थर लावायचा. वर आराखड्याची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश पाडायचा. धुतल्यावर जिथलं पितळ टिकवायचं तिथे थर राहतो, बाकीचं उघडं पडतं. मग फेरिक क्लोराइडच्या द्रावणाचा फवारा. अक्षरांवर थर असतो म्हणून ती उंच राहतात. पार्श्वभूमी फक्त समोरून उघडी असते, तिथलं पितळ अर्ध्या जाडीपर्यंत खाल्लं जातं. पाटीची बाहेरची रेषा दोन्ही बाजूंनी उघडी असते, तिथे पत्रा आरपार कापला जातो. नक्षी आणि कापणी एकाच वेळी! सर्किट बोर्डच्या कामात आयुष्य घालवलेल्या तुमच्यासारख्या माणसाला यात नवल नसेल, मला अजून वाटतं. आणि द्रावण खाली खाताना बाजूलाही थोडं खातंच, म्हणून अक्षर हवं त्यापेक्षा किंचित जाड आखावं लागतं. किती किंचित, हे तुमच्या हाताला माहीत आहे. 'ए'च्या पोटातला त्रिकोण तुम्ही तीनदा बदललात, कारण शेडच्या पाटीवर तो बुजत होता.

आणि अशा मेहनतीची पहिली जोडी मी वाया घालवली.

काय चुकलं ते तुम्हाला माहीत आहे, पण इतरांच्या उपयोगाला येईल. मी दोन्ही पाट्या आधी त्यांच्याभोवतीच्या पत्र्याच्या चौकटीतून कापून घेतल्या, तेही कात्रीने. टोकं वळली. मग काळा रंग दिला आणि घासकागद बोटावर गुंडाळून अक्षरांवर फिरवला. बोट मऊ, कागद खोलगट भागात उतरला, पार्श्वभूमीचा रंग निघाला आणि अक्षरांच्या कडा गोल झाल्या. सरळ करायला गेलो तर एक पाटी मधोमध मोडली. ती रात्र फार वाईट गेली. दोन दिवस तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच विचारलंत, "रंग लावायच्या आधी कापल्यास का?" आणि आठवड्यात पाकीट आलं. पत्र्याच्या कडेला जागा उरली होती, तिथे तुम्ही 'कोल्हापूर'ची आणखी एक जोडी आधीच घालून ठेवली होती. "पहिल्यांदा होतंच, म्हणून ठेवली होती," असं चिठ्ठीत होतं. काका, ती ओळ मी पुन:पुन्हा वाचली. माझ्या हातून चूक होणार हे तुम्ही धरून चालला होता, आणि तिची सोय करून ठेवली होती, आणि ते मला आधी कळूही दिलं नव्हतं.

तुमच्या चिठ्ठीतल्या सूचना मी एकेक करून पाळल्या. पाट्या चौकटीतच ठेवून धुतल्या, नंतर बोट लावलं नाही. रंगाचा अगदी पातळ हात, अक्षरांसकट सगळ्यावर. काळा, कारण माझ्या फोटोत पार्श्वभूमी गडद आहे. लाल पार्श्वभूमीच्या पाट्याही होत्या, पण फोटो सांगेल ते, असं तुम्हीच शिकवलंत. रंग पूर्ण कडक होईपर्यंत हात लावला नाही. मग सर्वांत बारीक घासकागद सपाट लाकडी ठोकळ्यावर ताणून चिकटवला आणि नुसत्या ठोकळ्याच्या वजनाने, दाब न देता, एकाच दिशेने ओढला. चौथ्या-पाचव्या वेळेला 'के'चा उभा दांडा चमकला. मग 'एल', मग 'एच'. काळ्यातून एकेक अक्षर वर येत गेलं. आठवं अक्षर आलं तेव्हा मी श्वास रोखून धरला होता हे लक्षात आलं.

कापायला काच खाली ठेवली आणि गोलसर पात्याने वरून दाबून पाटीला चौकटीशी धरणारे बारीक जोड तोडले. कडेला उरलेले खुंट कानशीने पाटीच्या लांबीच्या दिशेने घासले. सुपरग्लू वापरला नाही. त्याच्या वाफेने पितळावर पांढुरकी झाक येते हे तुम्ही अधोरेखित केलं होतं. वार्निशचे तीन ठिपके, चिमट्याने पाटी टेकवली, आणि ती हलवायला मिनिटभर वेळ मिळाला. तेवढा पुरला. कमान स्प्लॅशरला टोकापासून टोकापर्यंत चिकटून आहे, नखाची कडही आत जात नाही. समोर स्मोकबॉक्सच्या, म्हणजे बॉयलरच्या पुढच्या टोकाच्या, दारावर ४५५९३ आणि खाली ती शेडची इवलीशी पाटी.

काका, हे मॉडेल दोन वर्षं माझ्याकडे होतं. इतके दिवस ती 'एक जुबिली' होती. काल रात्रीपासून घरात सगळे तिला नावाने हाक मारतात. माझी मुलगी जेमतेम अक्षरं जुळवून वाचते, तिने टेबलाशी नाक नेऊन आठही अक्षरं लावली आणि मला विचारलं, "हे एवढं बारीक कोणी लिहिलं?" मी तिला तुमचं नाव सांगितलं.

मोडलेली पाटी टाकलेली नाही. ती माझ्या ठोकळ्याच्या मागे चिकटवून ठेवली आहे, पुढच्या वेळी हात घाई करायला लागला की दिसावी म्हणून.

पुढच्या वेळेचं सांगायचं तर इंदूर करायचं आहे, ४५५९२. फोटो मिळाला आहे, साल ठरलं आहे, पाटी स्वच्छ दिसते आहे. स्प्लॅशरवर पेन्सिल फिरवलेला कागद याच टपालाने वेगळा पाठवतोय, दोन्ही बाजूंचा, कारण डावी-उजवीत अर्ध्या मिलिमीटरचा फरक निघाला. तुमच्या सवडीने करा, घाई अजिबात नाही.

तुमचा,
कोल्हापूरवाला