पेट्रोलचा राग शेजारच्या काकूंवर कशाला?

संपादक साहेब, नमस्कार,

परवा स्कूटरमध्ये पेट्रोल टाकायला लाइनीत उभा होतो, पुढचा माणूस मोबाइलवर इस्रायलच्या युद्धाच्या बातम्या बघत बघत मोठ्यानं म्हणाला, हे सगळं ज्यू लोकांचं काम, आता भाव चढणार बघा. मागच्या दोघांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो, त्याचीच चुटपुट लागलीय म्हणून हे लिहितोय.

आमच्या मजल्यावर एक बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या, काकू राहतात. मूळ गाव अलिबागकडचं, आडनाव आपल्यासारखंच 'कर'वालं, भांडायचं झालं तरी अस्सल मराठीत. त्यांना वाण्याकडे कुणीतरी विचारलं, तुमचे लोक लढाई कधी थांबवणार? काकू म्हणाल्या, मला विचारून सुरू केली नव्हती रे बाबा. हसल्या, पण त्या दिवशी घरी येऊन बराच वेळ गप्पच होत्या. 2008 च्या दहशतवादी हल्ल्यात नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात माणसं ज्यू म्हणूनच मारली गेली, ते या शहरात घडलंय, त्यामुळे असं बोलणं नुसती गंमत म्हणून सोडून देता येत नाही. आणि कोकणात या समाजाला शनिवार तेली म्हणायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. तेलाशी काय तो संबंध एवढाच!

इस्रायलच्या सरकारवर टीका करा ना, जोरात करा, पण ती त्या सरकारवर. लढाई पेटली की तेल महागतं हेही खरं, 1973 ला अरब देशांनी तेल अडवलं तेव्हा भाव थोड्या महिन्यांत जवळजवळ चौपट झाले होते. पण मग उलटं झालं तेव्हा काय? 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कच्चं तेल मातीमोल झालं, अमेरिकेत तर एक दिवस भाव शून्याच्याही खाली गेला, आणि मे महिन्यात केंद्रानं एका फटक्यात पेट्रोलवर लिटरमागे 10 आणि डिझेलवर 13 रुपये कर वाढवला, म्हणजे स्वस्ताई आपल्यापर्यंत आलीच नाही. पुढच्याच मे मध्ये मुंबईत पेट्रोल शंभरीपार. नंतर 2021 आणि 2022 मध्ये असा दोनदा कर कमी केला, नाही असं नाही. राज्याचं तर अजून वेगळंच, मुंबईत व्हॅट टक्क्यात, 2024 ला 26 चा 25 केला त्याचं केवढं कौतुक, वर लिटरला 5 रुपये 12 पैसे आहेतच. टक्क्यात म्हणजे लढाईनं भाव चढला की राज्याचा गल्ला आपोआप भरतो, कुणाला काही जाहीर करायलाही लागत नाही.

माझी मागणी साधी आहे. हॉटेलच्या बिलावर जीएसटी वेगळा छापतात तसं पंपाच्या पावतीवर मूळ किंमत, केंद्राचा कर, राज्याचा कर आणि डीलरचं कमिशन वेगवेगळं छापा. पुढच्या वेळी लाइनीत कुणी असं बोललं तर पावतीच हातात देईन.

– एक स्कूटरवाला, भायखळा, मुंबई