आई-बाबा, काठ कायम दिसत राहतो

प्रिय आई आणि बाबा,

तुमच्या युरोपातल्या डॅन्यूब नदीवरच्या बोटीच्या ट्रिपबद्दल बोलायचंय. फोनवर हे सांगायला गेलं की बाबा "हो हो, कळलं" म्हणून फोन आईकडे देतात, आई म्हणते घरी आलीस की बोलू, आणि घरी आले की फराळ, माझी मान, खालच्या पार्किंगची भांडणं असं सगळं बोलणं होतं आणि नेमकं हेच राहून जातं. म्हणून शेवटी बसून टाईप करतेय. बाबा, मोबाईलवर वाचायला डोळ्यांना त्रास होत असेल तर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या.

मागच्या रविवारी मी आले तेव्हा हॉलमध्ये फरशीवर जुने पेपर पसरलेले होते आणि बाबा टेप घेऊन गुडघ्यावर बसलेले. बोटीवरची तुमची केबिन १६० स्क्वेअर फूट म्हणजे नक्की केवढी ते बघायला बाबांनी पेपर मांडून अख्खी केबिन आखली होती, इथे पलंग, इथे बाथरूम, इथे कपाट. आई त्यात उभी राहून म्हणाली, रात्री उठले तर ह्यांना ओलांडून जाऊ का. मला ते इतकं आवडलं की मी फोटो काढत बसले. मग बाबा खिडकीच्या बाजूच्या पेपरपाशी उभे राहिले आणि हळूच विचारलं, "ही खिडकी पाण्यापासून किती वर असते गं?" मी म्हणाले बघून सांगते, आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागले.

घरी जाताना म्हात्रे पुलावर ट्रॅफिकमध्ये अडकले, खाली मुठेचं पात्र, आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की बाबांनी ते का विचारलं.

बाबा, १२ जुलै १९६१ ला तुम्ही नऊ वर्षांचे होतात. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासलाही फुटलं आणि आजीने तुम्हाला आणि काकाला हाताला धरून नारायण पेठेतल्या वाड्यातून पर्वतीकडे पळवलं, हे मी लहानपणापासून ऐकतेय. परत आल्यावर गाळातून उपसून काढलेली धान्याची पत्र्याची कोठी अजून आपल्या जिन्याखाली आहे, तिच्यावर पाणी कुठपर्यंत चढलं होतं ती गंजाची रेघ पण आहे. नंतर तुम्ही अख्खी नोकरी पाटबंधारे खात्यात काढलीत. आणि मी तुम्हाला आठ दिवस नदीवर झोपायला पाठवतेय आणि एकदाही विचारलं नाही की बाबा, तुम्हाला चालेल ना. ही माझी चूक झाली. आधी विचारायला हवं होतं.

म्हणून आता नीट शोधून सगळं सांगते. आपली केबिन मधल्या मजल्यावर आहे. सगळ्यात खालच्या मजल्यावरच्या खिडक्या पाण्याच्या अगदी जवळ असतात आणि उघडत नाहीत, त्या मुद्दामच घेतल्या नाहीत. मधल्या मजल्यावर सरकतं दार आणि त्याच्या बाहेर लगेच कठडा असतो, बाहेर उभं राहायला जागा नसते पण दार उघडून हवा घेता येते. रात्री पाणी वाढलं तर बोट पाण्याबरोबर वर येते, बांधलेले दोर बघायला माणसं रात्रभर जागी असतात. पूर आला की अडचण होते ती पुलांची, पाणी वर आलं की बोट पुलाखालून जात नाही, मग नदीवरची वाहतूकच थांबवतात आणि बोट धक्क्याला बांधून ठेवतात. म्हणजे पुरात कोणी बोट पुढे रेटत नाही. आणि नोव्हेंबरात डॅन्यूबवर सहसा उलटीच काळजी असते, पाणी कमी पडण्याची. समुद्रासारखा हेलकावाही नाही. दोन्ही काठ सतत दिसत राहतात, झाडं, घरं, सायकलवरून जाणारी माणसं.

पाणी कमी झालं तर काय होतं ते बाबांना आवडेल असं आहे. ऑस्ट्रियात डॅन्यूबवर वीजनिर्मितीचे एकामागून एक बंधारे आहेत, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी पाणी धरून ठेवलेलं असतं, पण दोन पट्टे मोकळे सोडलेत, एक वाखाऊ खोरं आणि दुसरा व्हिएन्नाच्या पूर्वेला. पाणी उतरलं की बोटी तिथे अडतात. तसं झालं तर त्या दिवशी बसने नेतात, कधीकधी पुढे उभ्या असलेल्या दुसऱ्या बोटीवर सामानासकट हलवतात. आई, तसं झालं तर घाबरू नकोस आणि फसवलं गेलं असं तर अजिबात वाटून घेऊ नकोस, नदीवरच्या प्रवासात हे चालतं. फक्त औषधं, चष्मे, चार्जर एकाच पिशवीत ठेव, म्हणजे पटकन निघता येईल.

लॉकमधून जाल तेव्हा मात्र दोघंही जागे राहा. बंधाऱ्याच्या बाजूला काँक्रीटचा लांबलचक हौद असतो, बोट आत शिरते, मागचं गेट बंद होतं, पाणी सोडत सोडत बोट खाली उतरवतात आणि मग पुढचं गेट उघडतं. स्लोव्हाकियात गाबचिकोवोला तर साधारण वीस मीटर खाली उतरतात, म्हणजे सहा-सात मजली बिल्डिंगएवढं. खिडकीतून ओली भिंत हळूहळू वर जाताना दिसते. बाबा, आईला समजावून सांगा हं, तुमच्याइतकं चांगलं कोण सांगणार.

आता खरं जे सांगायचंय ते.

आई, व्हिसाच्या वेळी तुझ्या बोटांचे ठसे उठत नव्हते आठवतंय ना, ती मुलगी परत परत दाबा म्हणत होती आणि तू बोटं पदराला पुसून पुसून दाबत होतीस, मागे रांग वाढली तशी तुझा चेहरा पडला. बाहेर आल्यावर म्हणालीस, माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला. आणि तेव्हापासून बघतेय, दोघांचंही तेच चाललंय. बाबांची काठी बॅगेत घालायची नाही कारण ग्रुपमध्ये बरं दिसत नाही. तू गुडघा दुखतो हे टूरवाल्यांना सांगितलं नाहीस. असं करू नका ना प्लीज. तिथे जुन्या गावांत दगडी फरसबंदीचे रस्ते असतात, नोव्हेंबरात ते ओले असतात, बोटीवरून धक्क्यावर उतरायची फळी पण पाणी कमी-जास्त असेल तशी उतरती होते. काठी हवीच. घडीची काठी मी आणलीये. आणि पायाने चालायच्या टूरमध्ये हळू चालणाऱ्यांचा वेगळा ग्रुप आहे का ते पहिल्याच दिवशी विचारा, असला तर त्यात नाव द्या. कानात लावायला जे छोटं यंत्र देतात त्यात गाईडचं बोलणं मागे राहिलात तरी ऐकू येतं.

आणि ज्या दिवशी दमलात त्या दिवशी बोटीवरच राहा. मला माहितीये तुम्हाला काय वाटणार, एवढे पैसे भरलेत तर सगळं बघितलंच पाहिजे. आपल्या घरात आपण थाळी घेतली तर भाताचं शीत टाकत नाही, मला कळतं. पण हे पैसे फक्त पाय दुखेपर्यंत चर्च बघायचे नाहीयेत. वरच्या लाऊंजमध्ये मोठ्या काचेपाशी गरम चहा घेऊन दोघांनी नुसतं बसायचं, हे पण त्याच पैशात आहे. मेल्कपासून क्रेम्सपर्यंत वाखाऊचं खोरं साधारण ३६ किलोमीटर, दोन्ही बाजूंना दगडी बांधांचे पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे, तेव्हा पानं पिवळी होऊन गळत आलेली असतील, मधे ड्यूर्नश्टाइन गावाच्या वर पडका किल्ला, जिथे इंग्लंडच्या राजा रिचर्डला ११९२ च्या हिवाळ्यात कैदेत ठेवलं होतं. हे सगळं बसल्या जागी समोरून जातं. तुम्ही दोघं असे नुसते शेजारी बसलेले मी शेवटचे कधी पाहिले ते मला खरंच आठवत नाही, आधी आजीचं आजारपण, मग माझी बाळंतपणं, मग ताईकडचं.

बाकीचं भराभर सांगते. थंडी दिवसा सात-आठ डिग्री, सकाळी दोन-तीन, धुकं असतं, वारा पाण्यावरून येतो. एक जाड स्वेटर नको, थर्मल, त्यावर पातळ स्वेटर, त्यावर वाऱ्याचं जॅकेट. बोटीत आत उबदार असतं त्यामुळे काढता-घालता आलं पाहिजे. बाबांची माकडटोपी घ्या, लागतेच. आई, साडीचा हट्ट जेवायच्या वेळी कर, पण उतरायच्या वेळी पंजाबी ड्रेस आणि बूट, ओल्या फळीवर निऱ्या पायात आल्या तर काय घ्या. नवीन बूट आत्तापासून घाला, रोज संध्याकाळी सारसबागेला दोन चकरा, तिथे जाऊन फोड आला तर अख्खी ट्रिप जाईल.

खाण्याचं म्हणजे दूध आणि मांसापासून केलेलं काही बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे, त्यामुळे पेढे, साजूक तूप, तुपातले लाडू इथेच संपवा. बाकरवडी, खाकरा, मेतकूट, लिंबाचं लोणचं नीट पॅक करून चालेल, लोणचं मोठ्या बॅगेत. बोटीवर व्हेज आधी कळवलंय, तरी सूप येईल तेव्हा विचारा, कारण भाज्यांच्या सुपातही चिकनचं पाणी असू शकतं. आणि मासे म्हणजे व्हेज असं समजणारी माणसं असतात, त्यामुळे "नो मीट, नो फिश" दोन्ही म्हणायचं.

गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच, आठवडाभराच्या जास्तीच्या, हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या कारण ब्रँड तिथे वेगळा असतो. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, बीपीची गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारून ठेवा. नदीच्या बोटींवर बहुतेक वेळा डॉक्टर नसतो, गाव जवळच असतं म्हणून, त्यामुळे बरं वाटत नसेल तर सकाळपर्यंत थांबू नका, रिसेप्शनला लगेच सांगा. इन्शुरन्समध्ये बीपी आणि शुगर दोन्ही लिहिलंय मी, कागद पिवळ्या फोल्डरमध्ये आहेत. पैसे सगळीकडे युरो, फक्त हंगेरीत फोरिंट.

अजून एक, धक्क्यावर बोटीला लागून बोट उभी करतात, त्यामुळे सकाळी पडदा उघडाल तर दोन हातांवर समोरच्यांची खिडकी असेल. आई, कपडे बदलताना पडदा लावून घे. कधी बाहेर पडायला शेजारच्या बोटीतून जावं लागतं, ते पण बरोबरच आहे, चुकलो असं वाटून परत फिरू नका. बाहेर जाताना बोटीचं कार्ड घ्यायला विसरू नका, परत आला नाहीत हे त्यावरूनच त्यांना कळतं.

आई, तू वाईची. ढोल्या गणपतीच्या घाटावर त्रिपुरी पौर्णिमेला दिवे सोडायचीस ते तू दरवर्षी सांगतेस, आणि परवा विचारलंस की तिथल्या नदीची ओटी भरली तर चालेल का. पाण्यात काही टाकता येणार नाही गं. हळदीकुंकवाची पुडी पर्समध्ये ठेव, कठड्यापाशी उभी राहून नमस्कार कर. साडेचारला अंधार पडतो तिथे, त्यामुळे बुडापेस्टला संध्याकाळी पोचलात तर पार्लमेंटचे सगळे दिवे पाण्यात दिसतील. जॅकेट घालून वर डेकवर जाच. फक्त पूल येतात तेव्हा डेक बंद करतात, पूल इतके खाली असतात की कप्तानाची केबिनसुद्धा खाली घेतात.

आणि बाबा, बोट जर्मनीतल्या पासाऊ गावाहून सुटते. तिथे तीन नद्या मिळतात, डॅन्यूब, इन आणि इल्झ, तिघींच्या पाण्याचा रंग वेगळा. धक्क्याजवळच तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीचा टॉवर आहे आणि त्याच्या भिंतीवर पाचशे वर्षांच्या पुरांच्या रेघा आहेत, प्रत्येक रेघेसमोर वर्ष. जून २०१३ ला पाणी १२.८९ मीटरपर्यंत गेलं होतं, १५०१ नंतरचं सगळ्यात जास्त. त्या गावातली माणसं अजून तिथेच राहतात, खाली दुकानं चालू आहेत. पहिल्या दिवशी दुसरं काही नाही बघितलंत तरी चालेल, ती भिंत बघा. आपल्या कोठीवरच्या रेघेचा फोटो मी तुमच्या मोबाईलमध्ये टाकून ठेवलाय.

आणि तिथे उभं राहून मनातून जायला नको वाटलं, तर मला फोन करा. तुमची दुपार असेल तेव्हा इथे संध्याकाळ असेल, मी त्या दिवशी ऑफिसमधून लवकर येऊन बसणारे. तुम्ही दोघं पासाऊलाच हॉटेलात राहिलात आणि तिथून परत आलात तरी मी एक शब्द बोलणार नाही, पैशाचा तर नाहीच. खरंच.

रविवारी वजनकाटा घेऊन येते. पेपर उचलू नका अजून, त्या केबिनमध्ये दोन्ही बॅगा पलंगाखाली बसतात का ते बघायचंय.

तुमची,
मनू