प्राप्तिकराच्या रकान्यांत न बसणारे करदाते

माननीय संपादक,

विवरणपत्रांचा हंगाम आला की करसवलतींवर पानेच्या पाने छापून येतात. पण कर खात्याशी व्यवहार करताना काही करदात्यांना इतरांपेक्षा जास्त अडथळे पार करावे लागतात, त्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही. त्यासाठी हे पत्र.

13 ऑगस्ट 2020 रोजी करदात्यांची सनद जाहीर झाली. तिच्यात खात्याने 14 वचने दिली आहेत आणि पहिलेच वचन न्याय्य व सौजन्यपूर्ण वागणुकीचे आहे. त्याच दिवशी चेहराविरहित करनिर्धारणाचाही गाजावाजा झाला. फाइल कोणत्या शहरातला अधिकारी तपासतो हेच कळत नसल्याने समोरच्याचे आडनाव, कपडे, बोलणे बघून वागण्याला बराच चाप बसला, हे मान्य केले पाहिजे. आता अडवणूक होते ती अर्जातल्या रकान्यांतून, आणि रकान्याशी हुज्जत घालता येत नाही.

सर्वांत मोठा फटका विवाहित स्त्रियांना बसतो. आपल्याकडे लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही. आधारवर सासरचे नाव आणि पॅनवर माहेरचे, अशी स्थिती असली की जोडणी होत नाही, कारण नाव, जन्मतारीख आणि लिंग या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. जोडणी नसलेले पॅन 1 जुलै 2023 पासून निष्क्रिय ठरते. मग परतावा अडकतो, अडकलेल्या काळाचे व्याज मिळत नाही आणि बँक 10 ऐवजी 20 टक्के टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच वळता होणारा कर, कापते. साठीच्या आतल्या बाईला मुदतठेवीवर वर्षाला 80,000 रुपये व्याज मिळत असेल, तर 8,000 च्या जागी 16,000 रुपये कापले जातात. नियम सर्वांना सारखाच आहे, पण लग्नानंतर नाव बदलणारा पुरुष शोधूनही सापडणार नाही.

यावर उपाय आहे, मात्र क्रम चुकवू नये. आधी कोणते नाव कायम ठेवायचे ते ठरवा. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, त्यामुळे घाई नको. आधारनंतर पॅन दुरुस्तीचा अर्ज विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील प्रसिद्धी जोडून करा. या अर्जात ‘वडिलांचे नाव’ म्हणजे वडिलांचेच. तिथे नवऱ्याचे नाव घालणे ही नेहमीची चूक आहे. शेवटी बँक खात्यावरचे नाव बदला आणि प्राप्तिकर संकेतस्थळावर ते खाते पुन्हा प्रमाणित करा. परतावा प्रमाणित खात्यातच जमा होतो आणि पॅन व बँकेतले नाव जुळले नाही तर प्रमाणीकरण फसते. कागदपत्रे बरोबर असूनही जोडणी होत नसेल, तर पॅन सेवा केंद्रावर बोटांच्या ठशांनी ओळख पटवून ती करता येते.

एकल मातेच्या मुलांना 5 डिसेंबर 2018 पासून फक्त आईच्या नावावर पॅन मिळू शकते. अर्जात तसा वेगळा प्रश्न आहे, त्यावर खूण करायला विसरू नका. पॅनच्या अर्जात तृतीयपंथी हा स्वतंत्र पर्याय त्याच वर्षी एप्रिलमध्ये आला. जिल्हादंडाधिकाऱ्यांनी 2019 च्या तृतीयपंथी हक्क कायद्याखाली दिलेले ओळख प्रमाणपत्र पॅनसाठी चालेल, हे केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मान्य केले आहे. पॅन सेवा केंद्रावर कोणी नकार दिला तर तो लेखी मागावा.

आता अंध करदात्यांकडे वळू. कागदी विवरणपत्र भरण्याची मुभा 80 वर्षे पूर्ण झालेल्यांना आहे, तीही आयटीआर-1 आणि आयटीआर-4 या साध्या विवरणपत्रांपुरती. पंचेचाळीस वर्षांच्या अंध शिक्षकाला ती नाही. त्याने पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवरच सगळे करायचे, आणि चित्रातली अक्षरे ओळखण्याची किंवा मोजक्या सेकंदांत ओटीपी भरण्याची पायरी आली की दुसऱ्याच्या हाती पासवर्ड द्यायचा. उत्पन्नाची गोपनीयता तिथेच संपते. विवरणपत्राची पडताळणी ओटीपीने जमत नसेल तर आयटीआर-व्ही ही पोचपावती छापून, सही करून प्राप्तिकर खात्याच्या बेंगळुरूच्या केंद्रात पाठवता येते. विवरणपत्र दाखल केल्यापासून 30 दिवसांत ती तिथे पोचली पाहिजे. उशीर झाला तर पडताळणीची तारीख हीच दाखल केल्याची तारीख धरली जाते आणि मुदत उलटली असल्यास 5,000 रुपयांपर्यंत विलंबशुल्क लागते. डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 30 एप्रिल 2025 रोजी सांगितले. त्यानंतर तरी कागदी विवरणपत्राची मुभा दिव्यांगांना द्यायला काय हरकत आहे?

तपासणीची नोटीस आली आणि लेखी इंग्रजी झेपत नसेल, तर दृकश्राव्य सुनावणी मागा. मागितली तर ती द्यावीच लागते. सुनावणीला वकील किंवा सनदी लेखापालच हवा असे नाही. लेखी अधिकारपत्र दिले तर कोणताही नातेवाईक तुमची बाजू मांडू शकतो. हे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि आम्हा सल्लागारांनाही ते सांगण्याची घाई नसते!

संगणक निवडतो म्हणजे भेदभाव नाही, असेही समजू नये. अमेरिकेत विवरणपत्रावर वंश विचारतच नाहीत; तरी कृष्णवर्णीय करदात्यांची तपासणी 2.9 ते 4.7 पट जास्त होत असल्याचे संशोधकांनी 2023 मध्ये दाखवले आणि तिथल्या कर खात्याच्या प्रमुखांनी तफावत कबूल केली. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानात दुहेरी नागरिकत्व असलेल्यांवर कर खात्याने विनाकारण संशय घेतला, त्यावरून जानेवारी 2021 मध्ये सरकारला राजीनामा द्यावा लागला. आपल्याकडेही तपासणीसाठी प्रकरणे संगणकच निवडतो. त्या निवडीचे स्वतंत्र परीक्षण करून निष्कर्ष जाहीर व्हावेत. करदात्यांच्या तक्रारी ऐकणारे, 2019 मध्ये बंद केलेले प्राप्तिकर लोकपालाचे पदही परत यायला हवे, कारण आज खात्याविरुद्धच्या तक्रारीचा निकाल खातेच लावते.

तोवर तक्रार नीट लिहिणे आपल्या हाती आहे. ‘संकेतस्थळ चालत नाही’ असे लिहिले की ती तांत्रिक विभागाकडे जाते आणि ठोकळेबाज उत्तर देऊन बंद होते. कोणत्या पायरीवर, कोणत्या तारखेला, कशामुळे अडले ते लिहा, पडद्याचे छायाचित्र जोडा, सनदेतल्या वचनाचा आणि दिव्यांग असाल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील कलम 3 व 42 चा उल्लेख करा. अनुच्छेद 350 नुसार गाऱ्हाणे मराठीत मांडता येते. केंद्र सरकारच्या तक्रार निवारण संकेतस्थळावर 21 दिवसांत निपटारा अपेक्षित आहे. समाधान झाले नाही तर 30 दिवसांत अपील करा. दिव्यांगांना दिव्यांगजनांसाठीच्या केंद्रीय मुख्य आयुक्तांकडेही जाता येते. त्यांची शिफारस कर खात्याने मानली नाही, तर तीन महिन्यांत त्याची कारणे आयुक्तांना द्यावी लागतात आणि तक्रारदारालाही कळवावे लागते.

– एक करसल्लागार, कोल्हापूर