रकाना क्रमांक ११ : विज्ञानमंत्र्यांना खुले पत्र

माननीय विज्ञानमंत्री यांस,
सादर नमस्कार.

विषय : संशोधन अनुदानाच्या अर्जातील रकाना क्रमांक ११

पत्रास कारण की, आपल्या खात्याच्या अर्जात यंदा एक नवा रकाना आला आहे. 'प्रकल्पाच्या तीन वर्षांअखेर कोणता उपचार रुग्णांपर्यंत पोहोचेल, ते शंभर शब्दांत लिहा.' गेले दोन आठवडे या शंभर शब्दांशी माझी झटापट चालू आहे. स्ट्रोक झाल्यावर मेंदूतल्या पेशी एकमेकींना आणि रोगप्रतिकारक पेशींना काय सांगतात, हा माझा विषय. अठरा वर्षे हेच करते आहे. थापा मारायच्या तर रकाना पाच मिनिटांत भरतो. खरे लिहायला बसले की जागा पुरत नाही, म्हणून हे पत्र.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, हा २००६ सालचा हिशेब आपण ऐकला असेल. पण त्या कशा मरतात, ते फारसे कोणी सांगत नाही. रक्त थांबले की सगळ्या पेशी एकदम गुदमरून जात नाहीत. अगदी मध्यभागी असलेल्या लवकर संपतात. त्यांच्या भोवतीच्या कड्यात थोडे रक्त झिरपत असते, त्या पेशी तासन्‌तास तग धरू शकतात. अडचण अशी की मधल्या पेशींतली ऊर्जा संपली की त्यांच्याकडचे ग्लुटामेट बाहेर सांडते. एरवी हे ग्लुटामेट म्हणजे साधा निरोप, चिमूटभर सोडायचा आणि लगेच परत उचलायचा. आता त्याचा पूर येतो. शेजारच्या पेशीवरचे एनएमडीए रिसेप्टर (हा निरोप घेणारी दारे) उघडेच राहतात, कॅल्शियम आत घुसते, पेशीची स्वतःची एन्झाइम तिलाच आतून कापू लागतात. म्हणजे शेजारीण जिवंत राहू शकली असती, पण निरोपानेच मेली. मग फुटलेल्या पेशींतून डीएनए, एटीपी (पेशीचे ऊर्जाद्रव्य) असा ऐवज बाहेर पडतो. मेंदूतल्या पहारेकरी पेशी, मायक्रोग्लिया, त्यावरून धोका ओळखतात आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशींना हाक जाते. जंतू एकही नसताना युद्ध सुरू होते.

एवढे कळल्यावर उपाय सोपा वाटतो : निरोप अडवा. तसे करून झाले आहे. २००६ मध्येच एका गटाने मोजदाद केली. तीव्र स्ट्रोकसाठी तपासलेले उपाय १,०२६ निघाले, त्यांतले ११४ माणसांवर वापरून पाहिलेले. चेतापेशींचे रक्षण करणारे औषध म्हणून त्यांतले एकही जगभर मान्य झाले नाही. आज जे चालते ते दोनच : गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, ज्याच्या मोठ्या चाचणीचा निकाल १९९५ साली आला आणि जे सहसा पहिल्या साडेचार तासांत द्यायचे असते, आणि २०१५ पासून रुळलेले, नळी घालून गुठळी ओढून काढण्याचे तंत्र. दोन्ही उत्तम. पण दोन्ही तुंबलेला नळ मोकळा करण्याची कामे आहेत. पाणी परत आल्यावर घरात काय करायचे, त्याला आमच्याकडे आजही उत्तर नाही.

आपण म्हणाल, १,०२६ प्रयत्न फसले, तर जाब विचारायला नको? विचारा. आम्ही संशोधक काही साव नाही. प्रत्येक शोधनिबंधाच्या शेवटी 'यातून नव्या उपचाराची दिशा मिळेल' हे वाक्य आम्ही सवयीने चिकटवतो, आणि आपला रकाना क्रमांक ११ बहुधा त्याच वाक्याचे अपत्य आहे. पण ते उपाय का फसले, ते तपशिलात पाहिले तर तीन वर्षांची अट उलटी वाटू लागते.

एक कारण माझ्याच टेबलावरचे. आम्ही अनेक वर्षे उंदरांवरचे प्रयोग सकाळी दहाला सुरू करत असू, कारण आम्ही सकाळी दहाला येतो. उंदीर निशाचर. सकाळी दहा ही त्यांची झोपेची वेळ. हे आम्हाला ठाऊक नव्हते असे नाही, पण त्याचा प्रयोगाशी संबंध असेल असे कोणाच्या मनात आले नाही. २०२० साली एका गटाने तीन जुने, माणसांत फसलेले उपाय उंदरांना दिवसा आणि रात्री असे दोन्ही वेळा देऊन पाहिले. दिवसा दिले तेव्हा गुण आला. रात्री, उंदीर जागे असताना, आला नाही. पेशीतले घड्याळच संदेशांची पातळी बदलत होते. तो निबंध वाचून त्या दिवशी मी जुन्या वह्या काढल्या. प्रत्येक पानावर वेळ लिहिलेली होती : १०.१५, १०.४०, ११.०५. नोंद चोख, अक्कल शून्य.

दुसरे कारण असे की एकाच संदेशाचा अर्थ दिवसागणिक बदलतो. पहिल्या काही तासांत पेशींना मारणारा एनएमडीए रिसेप्टर पुढे वाचलेल्या पेशींच्या जगण्याला आणि नव्या जोडण्यांना लागतो. एमएमपी-९ नावाचे एन्झाइम सुरुवातीला रक्तवाहिन्यांचे अस्तर कुरतडते, मेंदूला सूज आणते. आठवड्याभराने तेच नव्या रक्तवाहिन्यांना वाट करून देते. त्या वेळी त्याला अडवले तर बरे होणेच अडते. तेव्हा 'कोणता रेणू अडवायचा' हा प्रश्न अर्धा आहे. कधी, कुठे आणि किती वेळ, हा उरलेला अर्धा, आणि तो शोधायला सगळ्यात जास्त वर्षे लागतात.

प्रतिकारशक्तीकडे वळले की गुंता आणखी वाढतो. पांढऱ्या पेशी ज्या प्रथिनाला धरून रक्तवाहिनीच्या भिंतीवर चढतात, त्यावर बसणारे एन्लिमोमॅब हे प्रतिपिंड स्ट्रोकच्या रुग्णांना देऊन पाहिले. २००१ साली निकाल आला : औषध दिलेल्यांची अवस्था न दिलेल्यांपेक्षा वाईट. प्रतिपिंड उंदराचे होते, ते स्वतःच प्रतिकारयंत्रणेला चेतवत असावे, असे नंतरच्या प्रयोगांत दिसले. रोगापेक्षा इलाज भयंकर, तो असा. आणि गंमत म्हणजे (गंमत कसली, पण असो) स्ट्रोकनंतर शरीर एकीकडे मेंदूत दाह माजवते आणि दुसरीकडे उरलेल्या अंगात प्रतिकारशक्ती खाली आणते. २००३ साली उंदरांत दिसले की मेंदूतून निघालेले चेतासंदेश लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी दुबळ्या करतात आणि मग फुप्फुसात जंतू वाढतात. स्ट्रोकच्या रुग्णांना न्यूमोनिया का गाठतो, याचा एक धागा हा. मग आधीपासूनच अँटिबायोटिक द्यावे, इतके सरळ? २०१५ साली दोन मोठ्या चाचण्यांत तेही करून पाहिले. रुग्णांची अवस्था त्याने सुधारली नाही.

२०१७ ची एक चाचणी मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांत इंटरल्युकिन-१ बीटा हा दाहाचा एकच निरोप अडवला. पुढचे झटके, स्ट्रोक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून घटले. जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले. निरोप एकच, पण तो वाचणारे अनेक.

आता त्या माशीविषयी लिहिते, कारण आपल्या समितीतले कोणीतरी 'माश्यांवर पैसे कशाला' असे म्हणाल्याचे कानावर आले. टोल नावाचे जनुक फळमाशीत सापडले ते अंड्यातल्या गर्भाची पाठ कुठली आणि पोट कुठले हे ठरवणारे म्हणून. १९९६ साली ज्यूल्स हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले की टोल बिघडलेल्या माश्या बुरशीने मरतात. पुढच्या वर्षी मेडझिटोव्ह आणि जेनवे यांनी माणसातला टोलचा भाऊबंद शोधला, १९९८ मध्ये ब्रूस बॉयटलर यांनी जिवाणूंचे विष ओळखणारा रिसेप्टर त्याच घराण्यातला असल्याचे दाखवले. २०११ साली हॉफमन आणि बॉयटलर यांना नोबेल मिळाले. जंतू अंगात शिरल्याचे शरीराला पहिल्यांदा कसे कळते, याची आजची समज त्या माश्यांवरून आलेली आहे, आणि मेलेल्या चेतापेशींची खबर मायक्रोग्लिया घेतात तीही बऱ्याच अंशी याच रिसेप्टरांमार्फत. हॉफमन यांना रकाना क्रमांक ११ भरावा लागला असता तर त्यांनी काय लिहिले असते? 'तीन वर्षांअखेर बुरशी लागून माश्या मरतील.'

जेएके या कायनेजांचेही तसेच. कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चिकटवून त्याला चालू-बंद करणारे एन्झाइम. माणसात ती पाचशेहून जास्त आहेत, आणि जेएके सापडली तेव्हा शोधणाऱ्यांनी कंटाळून नाव ठेवले 'जस्ट अनदर कायनेज', म्हणजे 'आणखी एक कायनेज'. जेएके त्याचेच लघुरूप. १९९० च्या सुमारास इंटरफेरॉनचा (विषाणूंविरुद्ध सावध करणाऱ्या प्रथिनाचा) निरोप पेशीच्या पडद्यापासून केंद्रकापर्यंत कसा जातो हे शोधताना त्यांचे महत्त्व कळले. संधिवातावर त्यांना अडवणारी टोफासिटिनिबची गोळी आली २०१२ साली. मधली वीस वर्षे कोणी झोपले नव्हते. पी हळद अन् हो गोरी, असे या कामात होत नाही.

ते काम हाताने कसे असते, तेही एकदा पाहावे. फॉस्फेटचा निरोप अल्पायुषी असतो. मेंदूचा तुकडा काढला की आतली एन्झाइम तो पुसायला लागतात. म्हणून बर्फ आधी फोडून ठेवायचा, फॉस्फेट पुसणाऱ्यांना रोखणारे द्रव्य आधी मिसळायचे, नळ्यांवर नावे आधी घालायची, आणि मग मिनिटभरात सगळे उरकायचे. मध्ये फोन वाजला तर वाजू द्यायचा. आमच्या प्रयोगशाळेत हे काम करणारा तंत्रज्ञ इतका सफाईदार होता की त्याच्या हातचे बँड, म्हणजे चाचणीत प्रथिनाची खूण म्हणून उमटणारे पट्टे, मी पाटी न पाहता ओळखायचे. त्याची नेमणूक दर अकरा महिन्यांनी नव्याने व्हायची. एका वर्षी आदेश चार महिने उशिरा आला, तोवर तो दुसरीकडे गेला. पुढची दीड वर्षे आमचे बँड फिके येत होते, आणि मला वाटत होते की माझा सिद्धांत चुकला.

माझे मागणे फार मोठे नाही. रकाना क्रमांक ११ काढू नका, त्यातला प्रश्न बदला. 'कोणता निकाल आला तर तुम्ही तुमचे म्हणणे सोडून द्याल?' हे विचारा, आणि 'तुमचा प्रयोग दुसरी कोणती प्रयोगशाळा करून पाहणार आहे?' हेही. त्या दुसऱ्या प्रयोगशाळेलाही पैसे द्या. अमेरिकेत सहा प्रयोगशाळांनी मिळून सहा उपाय, कोणाला काय दिले हे झाकून ठेवून, २,६०० हून अधिक प्राण्यांवर तपासले. त्यांत म्हातारे, रक्तदाबाचे आणि लठ्ठ प्राणीही होते. २०२३ साली निकाल आला तेव्हा गुणकारी म्हणण्यासाठी आधी ठरवलेली रेषा एकट्या युरिक ॲसिडने ओलांडली. पाच बाद झाले. मला विचाराल तर ती पाच नावे हीच त्या प्रकल्पाची कमाई, कारण त्यांच्यापायी रुग्णांच्या चाचण्यांवर पैसा आणि माणसे खर्ची घालण्याआधी आता थांबून विचार करता येईल. आपल्या मूल्यमापनात मात्र त्याला सहापैकी एक गुण मिळाला असता.

आणखी एक, फुकटात होण्यासारखे. नळीने ओढून काढलेली गुठळी बशीत ठेवतात आणि बऱ्याचदा ती कचऱ्यात जाते. त्या गुठळीत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींनी फेकलेली डीएनएची जाळी असतात, आणि ती कापणारे एन्झाइम मिसळले तर गुठळी लवकर विरघळते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. प्रतिकारशक्ती आणि स्ट्रोक यांची गाठ जिथे प्रत्यक्ष पडते, तो हा तांबूस तुकडा, भाताच्या शितापेक्षा थोडा मोठा. रुग्णाच्या संमतीने तो जपायला आणि त्यावर वेळ लिहायला सांगणारे एक परिपत्रक पुरेल. वेळ मात्र मिनिटासकट. दहाच्या उंदरांनी एवढे शिकवले आहे.

अर्जाची मुदत शुक्रवारी संपते. रकाना क्रमांक ११ मध्ये मी 'सोबतचे पत्र पाहावे' असे लिहिले आहे. तीन शब्द झाले; उरलेले सत्त्याण्णव आपल्याकडे जमा धरावेत.

आपली,
पेशींच्या निरोपांवर काम करणारी एक संशोधक