यंत्रे फोडणाऱ्यांची बाजू

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. नोकऱ्या जातील म्हणून ओरड करणाऱ्यांची तुलना लेखकाने दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये यंत्रे फोडणाऱ्या लुडाइटांशी केली आहे. प्रगती कळली नाही म्हणून बिचाऱ्यांनी हातोडे उचलले, असा एका वाक्यात निकाल लावून लेख पुढे जातो. लेखातल्या तांत्रिक माहितीविषयी माझी तक्रार नाही, पण या एका वाक्यावर आहे. भांडवलदारांशी भांडणाऱ्या कुठल्याही चळवळीला अडाणी ठरवायचे असले की हाच दाखला पुढे केला जातो आणि सहसा तो कुणी तपासत नाही.

११ मार्च १८११ रोजी नॉटिंगहॅमजवळच्या आर्नल्ड गावात मोजे विणण्याचे साठेक माग फोडले गेले. हे माग नवे नव्हते. विल्यम ली नावाच्या गृहस्थाने तो माग १५८९ मध्ये तिथून काही मैलांवरच्या कॅल्व्हर्टनमध्ये बनवला, असे मानले जाते. म्हणजे फोडणाऱ्यांचे बाप, आजे, पणजे त्याच यंत्रावर पोट भरत आले होते आणि ते स्वतःही त्याच यंत्रावर बसत होते. यंत्राला भिणारी माणसे दोनशे वर्षे यंत्रावर काम करत नाहीत.

मग बिनसले कशावरून? माग बहुतेकदा कारागिराच्या मालकीचा नसे. काम असो वा नसो, त्याचे भाडे मात्र मजुरीतून कापले जाई. मजुरी रोखीने न देता मालाच्या रूपाने गळ्यात मारण्याची चाल होती. पूर्ण उमेदवारी केलेल्या कारागिराला डावलून अर्धवट शिकलेली पोरे कमी दरात बसवली जात. शिवाय ‘कट-अप’ मोजे निघाले होते. चांगला मोजा पायाच्या आकाराप्रमाणे टाके वाढवत-घटवत विणला जाई. कट-अपमध्ये रुंद मागावर सरसकट कापड विणायचे, ते कात्रीने कापायचे आणि शिवून टाकायचे. असा मोजा चार दिवसांत शिवणीवर उसवे, गिऱ्हाईक वैतागे आणि नाव खराब होई ते विणकराचे. मालकाला मात्र तो स्वस्त पडे, आणि त्याच्याकडे बोट दाखवून चांगल्या मोज्याचा दरही खाली ओढता येई.

म्हणूनच फोडाफोडी निवडून होत असे. एकाच गल्लीत दर पाडणाऱ्या मालकाचे माग मोडलेले आणि ठरला दर देणाऱ्या शेजाऱ्याचे शाबूत, असे घडे. ‘जनरल लुड’ या काल्पनिक सेनापतीच्या सहीने मालकांना जी पत्रे जात, त्यांत धमक्या असत, पण बहुतेकदा मागण्याही असत. इतिहासकार एरिक हॉब्सबॉम यांनी या प्रकाराला दंगलीच्या मार्गाने केलेली सामूहिक वाटाघाट म्हटले आहे. वाटाघाटीचा सरळ मार्ग होता कुठे? १७९९ आणि १८०० च्या कायद्यांनी कामगारांना मजुरीसाठी एकत्र येणेच गुन्हा ठरवले होते. ती बंदी १८२४ पर्यंत उठली नाही.

हातोड्याखेरीज त्यांनी काही केलेच नाही, हेही खरे नाही. ग्रॅव्हेनर हेन्सन या विणकर पुढाऱ्याच्या खटपटीने कट-अपसारख्या प्रकारांना आळा घालणारे विधेयक १८१२ मध्ये संसदेपुढे आले. कॉमन्समध्ये, म्हणजे कनिष्ठ सभागृहात, ते मंजूर झाले, लॉर्ड्सनी, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, फेटाळले. अर्ज-विनंत्यांचा मार्ग असा बंद झाला.

यॉर्कशरची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि लेखकाच्या बाजूने काही बोलायचे तर इथेच बोलता येईल. तिथे खरोखरच नवी यंत्रे आली होती. लोकरी कापडावर लव उभी करायची आणि मग ती जड कात्रीने एकसारखी कातरायची, हे ‘क्रॉपर’ म्हणवणाऱ्या कारागिरांचे काम. ती कात्री चाळीस पौंडांच्या आसपास भरे आणि तिच्यावर हात बसायला वर्षे जात. कातरणी यंत्राने हे कसब निकालात काढले. लव उभी करणाऱ्या यंत्रावर तर सोळाव्या शतकापासून कायद्याने बंदी होती. गिरणीमालकांच्या आग्रहापुढे संसदेने हे जुने संरक्षण १८०९ मध्ये काढून टाकले. तरीही या लोकांच्या बाजूने आलेल्या सूचना पाहा: यंत्रे एकदम न आणता हळूहळू आणा, बेकार होणाऱ्याला दुसरे काम द्या, यंत्रावर कातरलेल्या कापडावर गजामागे सहा पेन्स कर बसवा आणि त्यातून बेकारांसाठी निधी उभा करा. आज ‘रोबो-कर’ म्हणून जी कल्पना मोठमोठ्या परिषदांत मांडली जाते, ती या ‘अडाणी’ लोकांच्या पदरी दोन शतके आधी होती.

त्यांच्या हातोड्याचीही एक गंमत आहे. त्याला ते ‘ग्रेट ईनॉक’ म्हणत. मार्सडेनचा लोहार ईनॉक टेलर कातरणी यंत्रेही बनवी आणि घणही. ईनॉकने घडवले, ईनॉकच मोडणार, असे म्हणत ते गिरणीच्या दारावर जात.

सरकारने उत्तर दिले ते पलटणींनी. अशांत जिल्ह्यांत बारा हजार सैनिक उतरवले. १८०८ मध्ये वेलिंग्टनने नेपोलियनविरुद्ध पोर्तुगालात नेलेल्या फौजेपेक्षा हा आकडा मोठा होता. माग फोडण्याला फाशी देणारा कायदा आला, तेव्हा २७ फेब्रुवारी १८१२ रोजी लॉर्ड्समधल्या आपल्या पहिल्याच भाषणात कवी बायरनने त्याला विरोध केला. या कायद्याखाली शिक्षा द्यायची तर ज्युरीत बारा खाटीक आणि न्यायासनावर जेफ्रीज बसवावा लागेल, असे तो म्हणाला. (जेफ्रीज म्हणजे फाशीच्या शिक्षांसाठी कुप्रसिद्ध असलेला सतराव्या शतकातला न्यायाधीश.) कायदा अर्थात संमत झाला. जानेवारी १८१३ मध्ये यॉर्कला सतरा जण फासावर गेले. त्यांतले तिघे विल्यम हॉर्सफॉल या गिरणीमालकाच्या खुनाबद्दल. त्या खुनाचे समर्थन मी करणार नाही. उरलेल्या चौदांवर मात्र खुनाचा आरोप नव्हता.

चळवळीकडे आपुलकीने पाहणाऱ्यांनीही लुडाइटांना पूर्ण न्याय दिला असे नाही. यंत्र वेगळे आणि भांडवलाने केलेला यंत्राचा वापर वेगळा, हा फरक कळायला कामगारांना वेळ आणि अनुभव लागला, असे मार्क्सने १८६७ मध्ये लिहिले. मला हे पटत नाही. शेजारी-शेजारी उभ्या असलेल्या दोन सारख्या मागांपैकी एकच फोडणाऱ्या माणसाला तो फरक आणखी कोणी काय शिकवायचा?

शेवटी सगळ्यांचे भलेच झाले, नोकऱ्या वाढल्या, हा लेखकाचा हुकमी एक्का. झाले, पण कधी आणि कोणाचे? कामगारामागे उत्पादन वाढत असताना ब्रिटनमधली खरी मजुरी १८४० च्या आसपासपर्यंत जवळपास जागच्या जागी राहिली, असे अनेक अर्थ-इतिहासकार मांडतात. म्हणजे १८११ मध्ये विशीत असलेला विणकर पन्नाशीला टेकेपर्यंत. १८२० च्या सुमारास दोन लाखांहून अधिक असलेले सुती हातमाग विणकर पुढच्या चाळीस वर्षांत काही हजारांवर आले. त्यांच्या नातवंडांचे बरे झाले म्हणून त्यांच्या उपासमारीची नोंद पुसायची का? आणि नातवंडांचे बरे झाले तेही यंत्राच्या कृपेने आपोआप झाले नाही. मध्ये १८३३ चा कारखाना कायदा आहे, स्त्रिया आणि किशोर कामगारांचे काम दहा तासांवर आणणारा १८४७ चा कायदा आहे, संघटनेचा हक्क आहे. यातले एकेक मालकांच्या विरोधाला न जुमानता, मोर्चे आणि सह्यांच्या मोहिमा करून मिळवावे लागले.

लेखात कृत्रिम बुद्धिमत्तेची इतकी चर्चा आहे, तर २०२३ च्या हॉलीवूडमधल्या संपाचा उल्लेख हवा होता. सुमारे साडेअकरा हजार पटकथालेखक २ मेपासून १४८ दिवस संपावर होते. त्यांनी यंत्रावर बंदी मागून ती मिळवली, असे झालेले नाही. करार असा झाला: यंत्राने लिहिलेला मजकूर लेखकाचे श्रेय किंवा मोबदला कापायला वापरता येणार नाही, कंपनीच्या संमतीने लेखकाला यंत्र वापरता येईल, पण वापरलेच पाहिजे अशी सक्ती कंपनीला करता येणार नाही, आणि लेखकाच्या हाती दिलेला मजकूर यंत्राने तयार केलेला असेल तर तसे सांगावे लागेल. नॉटिंगहॅमचे विणकर अशाच स्वरूपाच्या अटी मागत होते. त्यांना संप करायची मुभा नव्हती, एवढाच फरक.

आपला,
एक नियमित वाचक